वळून बघणारी बाई

नाशिक जिल्ह्यात कितीतरी घरांच्या भिंतींवर माझ्या बायकोचे हात आहेत. कुणी सरपंचांच्या मातोश्री, कुणी डॉक्टरांच्या आजी, कुणी शाळेला जमीन देणाऱ्या काकू. चेहरे ज्याचे त्याचे, पण मांडीवर ठेवलेले हात नीट बघा. ते मंदाचे.

त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी माणसांची तैलचित्रं काढतो, बहुतेक गेलेल्या माणसांची. चाळीस वर्षं अशोक स्तंभाजवळ एका जिन्याखालच्या खोलीत हेच केलं. घरचे लोक फोटो घेऊन येतात, तो पासपोर्टचा असतो किंवा रेशनकार्डावरचा. त्यात खांद्याखाली माणूस नसतो, आणि गिऱ्हाइकाला तर खुर्चीत बसलेलं अर्ध्या अंगाचं चित्र हवं असतं. मग हात आणायचे कुठून? पुरुषांचे मी आरशात बघून माझेच काढले. बायकांसाठी मंदा बसायची. सकाळचा स्वयंपाक उरकून, माझा डबा घेऊन दुकानात यायची आणि खुर्चीवर बसता बसता विचारायची, "आज कोण?"

"देवळालीच्या एक बाई."

"वय?"

"ऐंशीच्या पुढं."

मग ती तळवा जरा सैल सोडायची, बोटं आत वाकवायची. नव्या सुनेचं चित्र असलं तर बोटं एकमेकांत गुंतवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

फोटोवरून चित्र काढायचं म्हणजे नक्कल करायची, असं लोकांना वाटतं. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच चौकोन मोठे आखायचे आणि एकेक भरत जायचं. एवढं सहा महिन्यांत कुणालाही येईल. पण फोटोत जो माणूस आहे तो घरच्यांना नकोच असतो. मतदार ओळखपत्रावर प्रत्येक जण पकडून आणल्यासारखा दिसतो. तो फोटो पुढ्यात ठेवून म्हणतात, "असेच काढा, फक्त जरा प्रसन्न." दोन भाऊ वडिलांचा टोपीतला फोटो घेऊन आले आणि टोपी काढायला सांगायला लागले. टोपीखाली केस होते की टक्कल, यावर माझ्या दुकानात दोघांची बोलचाल बंद झाली. एका संस्थेत मी काढलेले संस्थापक विरोधी गटाच्या खुर्चीकडे बघतात अशी तक्रार आली. मी बुबुळं जराशी सरकवली. पुढच्या निवडणुकीनंतर ती परत सरकवावी लागली.

सिन्नरकडची एक सत्तरीची बाई आली होती. तिच्याकडे नवऱ्याचा एकच फोटो होता, सव्वीस वर्षांचा असतानाचा. त्यानंतर लगेच तो गेला होता. ती म्हणाली, "मी अशी म्हातारी आणि हे शेजारी पोरासारखे, बरं दिसत नाही. ह्यांना माझ्याएवढं करा." मी त्याला म्हातारा केला. केस विरळ केले, गाल उतरवले, कपाळावर आठ्या घातल्या. न्यायला आली तेव्हा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तापटच राहिले."

पुढं कॅनव्हासवर प्रिंट काढणारी मशीनं आली. वर जेल फिरवलं की ब्रशचे फटकारे दिसतात. मी कुणाला दोष देत नाही, प्रिंट माझ्यापेक्षा हुबेहूब येते. पण काम आटलं, आणि त्या रिकाम्या दिवसांत मी एक असं काम घेतलं जे एरवी घेतलं नसतं.

त्यासाठी आधी इटलीच्या बाईबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात तिचं नाव तेच. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका थोर चित्रकारानं काढलेलं ते व्यक्तिचित्र तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेलं आहे, निदान बिस्किटाच्या डब्यावर तरी. काळसर कपड्यातली बाई, हातावर हात, मागं निळसर डोंगर आणि नागमोडी रस्ता, ओठांवर असेल-नसेल असं हसू. आर्ट कॉलेजात आमच्या सरांकडं तिचा एक छापील कागद होता. चार घड्या घातलेला, एक घडी बरोबर कपाळावरून गेलेली. त्यावरून मी तिची नक्कल करायला घेतली आणि दोन वर्षं झाली तरी ती संपली नाही. चेहरा जमायचा, हसू जमायचं नाही. सर म्हणायचे, "ओठ रंगवतोस म्हणून जमत नाही. ओठ सोड, शेजारचा गाल रंगव." त्या चित्रकारानं ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना कडाच ठेवलेल्या नाहीत. धूर हवेत विरतो तशा त्या सावलीत विरवल्या आहेत. त्यामुळं हसू कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे सापडत नाही.

ती खरी एकदा डोळ्यांनी बघायची, असं मी विसाव्या वर्षी ठरवलं होतं. दोनदा पासपोर्टाचे फॉर्म आणले. एकदा मुलीचं लग्न निघालं, एकदा मंदाचं दुखणं. आता माझी सत्तरी जवळ आली.

तर ते काम. गंगापूर रोडच्या पुढं मळ्यात निघालेल्या एका मिसळीच्या हॉटेलाचा मालक आला. तरुण, बोलायला गोड. म्हणाला, "काका, ती फॉरेनची हसणारी बाई असते ना, तिला नऊवारी नेसवा, नाकात नथ घाला आणि हातात मिसळीची प्लेट द्या. पब्लिक फोटो काढेल." मी भिंतभर काढून दिली. तर्रीचा तवंगसुद्धा हुबेहूब उतरला. रविवारी तिच्यासमोर रांग लागते म्हणतात. माझं सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेलं काम तेच. त्याच्यावर मी सही केलेली नाही.

ती बघून एक जण माझा पत्ता विचारत आला. साठीचा, अंगानं थोराड, पांढरा शर्ट-पायजमा आणि ओठ झाकून टाकणाऱ्या जाड मिशा. चपला बाहेर काढून आत आला. विंचूरचे कांद्याचे व्यापारी. सगळे त्यांना दत्तूशेठ म्हणतात.

"मिसळवाली बाई तुम्ही काढली का?"

"हो."

"चेष्टा केली तुम्ही तिची."

मी ब्रश फडक्याला पुसत राहिलो.

"पण नजर बरोबर काढली," ते म्हणाले. "मी खरी पाहिलीये."

मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्यांना खुर्ची दिली.

त्यांच्या मुलीनं त्यांना युरोपच्या सहलीला नेलं होतं, दहा दिवसांत सात देश. "त्या म्युझियममध्ये ही गर्दी. जो तो तिच्याकडं पाठ करून स्वतःचा फोटो काढीत व्हता. मी म्हटलं, एवढं काय हे ते बघावं. बघितलं, तर ती माझ्याकडंच बघत व्हती. डावीकडं सरकलो, तरी माझ्याकडंच. तिथला शिपाई पुढं चला, पुढं चला म्हणत व्हता. मी काय हाललो नाय."

"केवढी आहे हो ती?" मी विचारलं.

"आमच्या दुकानातल्या मोठ्या कॅलेंडरएवढी."

"आणि रंग?"

"पिवळट. दुपारी कांद्याच्या खळ्यात धूळ उडती ना, तव्हा उजेड पडतो तसा."

त्या चित्रावरची मिळतील ती पुस्तकं मी वाचली आहेत. तिचा रंग मला इतका नीट कुणी सांगितला नव्हता. एकाच वेळी इतका हेवा आणि इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग ते कामाचं बोलले. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. घरात तिचा एकही फोटो नव्हता, कधी काढलाच नव्हता. "मला तिचं तोंड आठवत नाय. पाठ आठवती. हिरवं लुगडं आन् पाठ, बस. पुतण्यानं मोबाईलवर कायकाय सांगून एक बाई बनवून दिली. गोरीपान, सिरियलमधल्या सासूसारखी. म्हटलं, ही कोणाचीबी आई वाटती. पुसून टाक."

"फोटो नाही, तर मी काढू काय?"

"तीच बाई काढा. बसली तशी, बघती तशी. पण माझी आई काढा."

मी नाही म्हटलं. साम्य साधणं हा माझा धंदा, आणि इथं साम्य कुणाशी साधायचं हेच माहीत नव्हतं. त्यात मिसळवालीची लाज अजून मनातून गेली नव्हती. त्या चित्राला पुन्हा हात लावायचं धाडस होईना. दत्तूशेठ उठले. दारात वाकून चपला घालता घालता म्हणाले, "आर्टिस्ट, कशी का दिसंना. मला एकदा तिनं माझ्याकडं बघितलेलं पाहिजे."

मंदाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काढू नका हवं तर. पण जाऊन तरी या विंचूरला."

गेलो. दत्तूशेठचं घर त्यांच्या खळ्याला लागूनच आहे. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं मोठं अंगण, तिथं कांद्याचे ढीग पडलेले असतात आणि बायका बसून प्रतवारी करतात. त्या बायकांतच एक म्हातारी बसून कांदे निवडत होती. तिला त्याची काही गरज नव्हती. ती शेठची मोठी बहीण, कौसाआक्का. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. भावाला तिनंच वाढवलं.

मी इटलीच्या बाईचा कागद तिच्यासमोर धरला. तिनं डोळे बारीक केले.

"ही कोण?"

"फार मोठ्या चित्रकारानं काढलेली बाई आहे. शेठ म्हणतात, आईला अशी बसवा."

"हिला काय काम नाय का?" आक्का म्हणाली. "आमची आई अशी हातावर हात ठिवून बसली नाय कधी. बसून कोणी दिलं असतं तिला?" आणि कागद माझ्याकडं सरकवून तिनं पुढचा कांदा उचलला.

दत्तूशेठ ओट्याच्या पायरीवर बसले होते. मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. उंची, नाक, कपाळ, कुंकू केवढं, गोंदण कुठं. आक्का कांद्यांवरून नजर न उचलता सांगत होती. नाक सरळ. कपाळावर चंद्रकोर गोंदलेली, हनुवटीवर एक टिपका. "मी बापावर गेले. दत्तू तिच्यावर गेलाय."

शेवटी मी एक प्रश्न विचारतो, तो विचारला. "आक्का, डोळे मिटले की आई कुठं दिसते?"

तिचे हात थांबले.

"वट्यावर. बसलेली."

"तू तर म्हणली ती कधी बसली नाय," दत्तूशेठ म्हणाले.

"ते चार महिने बसली व्हती. शेवटचे. छातीचा खोकला झाला व्हता तिला. टीबी म्हणत्यात आता. वट्यावर गोधडी टाकून बसायची, भिताडाकडं तोंड करून."

"भिताडाकडं कशाला?"

आक्कानं पहिल्यांदा भावाकडं नीट बघितलं. "तू सारखा जायचा ना तिच्याकडं. अंगावर जाऊन पडायचा. निफाडच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं, पोराला लांब ठिवा. तू कुठं ऐकत व्हता? मग तू आला की ती तोंड फिरवायची. खोकला तुझ्या अंगावर नको म्हणून."

खळ्यातल्या बायकांचं बोलणं चालू होतं. दत्तूशेठ पायरीकडं बघत होते. कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात ते म्हणाले, "मी तिची बांगडी फोडली व्हती. मला वाटायचं, त्याच्यामुळं ती रागावली."

"कोणती बांगडी?"

"खेळता खेळता फुटली. मी तुकडे लपवून ठिवले व्हते."

"तिला ठाऊक बी नसंल," आक्का म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तू हिरमुसून निघायचा ना वाटंला, की ती वळायची. वळून बघत राहायची, तू कडुलिंबाच्या मागं दिसंनासा व्हईपर्यंत. रोज. मी बघितलंय ना."

"तू मला सांगितलं नाय कधी."

"तू इचारलं नाय. मला काय ठाऊक, तुला तिची पाठ आठवती म्हणून."

पुढचा प्रश्न विचारताना माझी मलाच लाज वाटली. पण तो विचारल्याशिवाय चित्र होत नाही. मी म्हटलं, "वळून बघायची तेव्हा हसायची का?"

आक्कानं विचार केला. "हसायची नाय. तोंड गच्च मिटून घ्यायची, खोकला दाबायला. पण लांबून हसल्यावाणी दिसायचं."

परतीच्या एसटीत मी तो कागद मांडीवर उघडून बसलो. पंचेचाळीस वर्षं मी समजत होतो की ही बाई बसली आहे. आता बघितलं, तर तिचा खांदा एका बाजूला आहे आणि चेहरा आपल्याकडं आलेला आहे. आरामात बसलेलं माणूस असं बसत नाही. ती नुकतीच वळली आहे. त्या थोर चित्रकाराच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण विंचूरची बाई कशी काढायची हे वाटेत ओझर येईपर्यंत मला कळलं होतं.

चेहरा मात्र दत्तूशेठकडून घ्यायचा होता, आणि त्यांच्या चेहऱ्याचा निम्मा भाग मिशांत होता. फोनवर म्हटलं, "शेठ, मिशी काढावी लागेल." त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "मार्केटात हसतील."

पुढच्या आठवड्यात ते आले आणि मी त्यांना ओळखलं नाही. वरचा ओठ गोरा, लहान मुलासारखा. सोबत आक्काही आली होती. म्हणाली, "मार्केटात लोकं इचारत व्हते, घरात कोण वारलं. मी सांगितलं, आई. आई गेली तव्हा ह्याच्या तोंडावर मिशी कुठं व्हती? राहिलेलं काम झालं म्हणायचं."

तीन दिवस ते माझ्यासमोर बसले. त्यांचे गाल मी आत घेतले, भुवया बारीक केल्या, साठ वर्षांचं कातडं तीस वर्षांवर आणलं. आक्का शेजारी बसून सांगायची, नाकपुडी एवढी नको, डोळा जरा वर. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सांगायची थांबली. मी तिच्याकडं बघितलं तर पदर तोंडाशी धरून बसली होती. मी ब्रश धुवायला बाहेर गेलो.

हात राहिले. मंदाचे हात चार वर्षांपासून थरथरतात. कंपवात. तेव्हापासून मी तिला बस म्हणत नाही. जुन्या वह्यांत तिच्या हातांची शेकडो रेखाटनं आहेत, त्यांवर भागवतो. याही वेळी वह्या काढल्या. पण ते सगळे हात सुखवस्तू घरांतल्या बायकांचे, जेवण करून निवांत बसलेले. विंचूरच्या बाईला त्यांतला एकही लागू पडेना.

मंदानं ते बघितलं. स्वतः खुर्ची ओढून बसली. "आज कोण?"

"नको, तुला त्रास होईल."

"कोण ते सांगा."

"विंचूरची बाई. तीस वर्षांची. आजारी."

तिनं डावा हात मांडीवर ठेवला, उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि दाबून ठेवलं. थरथर कमी झाली, थांबली नाही. "हल्ली मी अशीच बसते," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नाही."

नव्हतंच आलं. घरात ती रोज माझ्या समोर अशी बसलेली असायची आणि मी टीव्ही बघत असायचो. चार दुपारी मी तिचे हात काढले. बोटं स्थिर नव्हती, म्हणून त्यांची कड पक्की करता येईना. शेवटी मी ती पक्की केलीच नाही, सावलीत सोडून दिली.

बाकी चित्रात फार काही नाही. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, मागं पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत आणि ओट्याचा लाकडी खांब. इटलीच्या बाईमागं निळे डोंगर आहेत, तिथं मी चांदवडच्या डोंगरांची रांग घेतली. विंचूरहून ती स्वच्छ दिवशी तशीच निळी दिसते. तोंडासाठी महिना गेला. ओठांना मी हात लावला नाही, शेजारचा गालच रंगवत राहिलो. मिटलेल्या तोंडाबद्दल मी मंदाला काही बोललो नव्हतो. एका दुपारी ती मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ही काहीतरी दाबून ठेवतेय." त्या दिवशी मी थांबलो.

आणि मग मला ते चित्र देववेना. दर रविवारी दत्तूशेठचा फोन यायचा, "वाळलं का?" मी म्हणायचो, "अजून ओलं आहे." तेलरंगाला वेळ लागतो हे खरं, पण इतका नाही. मी सकाळी दुकान उघडून तिच्यासमोर चहा घ्यायचो. एका रविवारी फोनवर शेठनं वेगळाच विषय काढला. ते म्हणाले, "आर्टिस्ट, चला, खरी बघून येऊ. मी नेतो तुम्हाला." मी म्हटलं, मंदाला सोडून येता येत नाही. ते हो म्हणाले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातात फडकं घेऊन उभा होतो. ती बाई आता मला बघायला मिळायची नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मंदा दुकानात होती. मी "ओलं आहे" म्हणायच्या आत ती शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाळलंय. मी बोट लावून बघितलं."

एकदा तरी ते नाशिकच्या प्रदर्शनात लावू द्या, असं शेठना म्हणायचं फार मनात होतं. म्हटलं नाही. मिसळवालीला आजही रोज शेकडो लोक बघतात, आणि ज्याच्याखाली मी जपून सही केली ते चित्र विंचूरच्या एका घरात पाच-सहा माणसं बघतात. हे मला लागत नाही असं म्हणणार नाही.

चित्र घेऊन मी आणि मंदा दोघं गेलो. शेठनं गाडी पाठवली होती. जुनं घर पाडून तिथंच स्लॅबचं बांधलेलं आहे. ओटा मात्र ठेवलाय. पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर चित्र लावलं. त्या दारातून ओटा, खळं आणि फाटकापर्यंतची सगळी वाट दिसते. कडुलिंब अजून उभा आहे, फाटकाच्या अलीकडं.

आक्कानं चित्रावरची चादर काढली. हात कमरेवर ठेवून ती बघत राहिली. "गोंदण बरोबर हे," ती म्हणाली. मग म्हणाली, "जरा काळी व्हती. पण ऱ्हाऊ द्या."

दत्तूशेठ उंबऱ्याच्या आत येऊन थांबले होते. मिशी पुन्हा थोडी उगवली होती. ते चित्राजवळ गेले नाहीत. जागेवरूनच एकदा डावीकडं सरकले, एकदा उजवीकडं. हात जोडतील असं मला वाटलं, नाहीतर फोटो काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. चित्राकडं पाठ केली आणि चालायला लागले. ओटा उतरले, खळ्यात आले, कांद्यांच्या ढिगांमधून फाटकाच्या वाटेला लागले. निवडणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

मंदानं विचारलं, "आक्का, त्यांना काही झालं का?"

"काय नाय," आक्का म्हणाली. ती चित्राच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी होती. चित्रातली बाई बघते तिकडंच ती बघत होती.

दत्तूशेठ अर्ध्या वाटेत थांबले. मागं वळले नाहीत. तिकडंच तोंड ठेवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आक्का, बघती का?"

"बघती," आक्कानं ओरडून सांगितलं. "जा तू. अजून पुढं जा."

ते कडुलिंबाच्या मागं दिसेनासे होईपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.